जुन्या मासिकांचे अंक रद्दीत घालण्यापूर्वी : एका सिंथेसायझरची हकिगत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका तंत्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयाने इलेक्ट्रॉनिक्स विषयाच्या जुन्या मासिकांचे बांधीव खंड वजनावर विकले. ही गोष्ट मला रद्दीवाल्याकडून कळली, आणि मी पोहोचेपर्यंत बहुतेक खंडांची शिवण उसवून पाने वेगळी झाली होती. जागेची अडचण, वाचकांचा अभाव आणि वाळवी ही ग्रंथालयांची कारणे मला माहीत आहेत आणि ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु अशाच अंकांच्या आधाराने मी सव्वादोन वर्षे खपून एक अॅनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटांतून सूर काढणारे वाद्य, बांधला असल्यामुळे, हे अंक गेले म्हणजे नेमके काय जाते ते मी हातांनी अनुभवले आहे. तेवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

मी एका रासायनिक कारखान्यात चौतीस वर्षे इन्स्ट्रुमेंट विभागात काम केले. तापमान, दाब आणि प्रवाह मोजणारी उपकरणे दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय होता. १९८४ मध्ये मी शिकाऊ उमेदवार असताना एका ग्रंथालयात ‘एलेक्टर’ या मूळ डच मासिकाचे इंग्रजी आवृत्तीचे खंड होते आणि त्यांत १९७७ पासून क्रमशः छापलेली ‘फॉर्मंट’ नावाच्या सिंथेसायझरची लेखमाला होती. सी. चॅपमन यांनी आखलेले ते यंत्र तीन ऑसिलेटरांचे (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटांचे), तीन सप्तकांच्या कीबोर्डचे, आणि वेगवेगळ्या मोड्यूलांत, म्हणजे सुट्या घटकांत, विभागलेले होते. मला संगीत ऐकण्याची आवड होती, पेटीवर थोडा हात चालत होता आणि सर्किट वाचता येऊ लागले होते. ती लेखमाला मी दुपारच्या सुट्टीत बसून वहीत उतरवून घेतली. यंत्र बांधणे मात्र त्या पगारात शक्य नव्हते. ती वही पुढे दोन घरे बदलताना हरवली, पण निवृत्तीनंतर प्रथम आठवण झाली ती तिचीच.

सिंथेसायझर म्हणजे आज बाजारात मिळणारा, आत संगणकाची चिप असलेला कीबोर्ड असे बहुतेकांना वाटेल. मी ज्याबद्दल लिहीत आहे त्या यंत्रात कोणताही आकडा साठवलेला नसतो. पट्टी दाबली की एक व्होल्टेज तयार होते, ते व्होल्टेज ऑसिलेटरला जाते आणि ऑसिलेटर त्या प्रमाणात सूर देतो. तो सूर फिल्टरमधून जातो, तिथे त्यातील वरचे स्वरांश कमी-जास्त होतात, आणि शेवटी अॅम्प्लिफायर त्याला आरंभ, विस्तार आणि शेवट देतो. या प्रत्येक टप्प्याचे नियंत्रण पुन्हा व्होल्टेजनेच होते, म्हणून एका भागाचे व्होल्टेज दुसऱ्या कोणत्याही भागाला जोडता येते. या पद्धतीचे सर्वमान्य माप आहे एका सप्तकाला एक व्होल्ट. मंद्र षड्जाला एक व्होल्ट असेल तर मध्य षड्जाला दोन आणि तार षड्जाला तीन. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणून प्रत्येक पट्टीला ८३.३ मिलिव्होल्ट. मी आयुष्यभर ज्या मीटरने भट्टीचे तापमान मोजले त्याच मीटरने गांधार मोजता येतो, हे प्रथम लक्षात आले तेव्हा झालेला आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

या यंत्राचा इतिहास हौशी मंडळींच्या मासिकांपासून वेगळा काढता येत नाही. ज्यांच्या नावाने सिंथेसायझर जगभर ओळखला गेला त्या रॉबर्ट मूग यांनी १९४९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, एका मासिकातील आराखडा पाहून थेरमिन हे हात न लावता वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य बांधले. १९५४ मध्ये त्यांनी स्वतः थेरमिनवर मासिकात लेख लिहिला, आणि १९६१ मधील ट्रान्झिस्टर-थेरमिनच्या लेखानंतर त्यांनी राहत्या घरातून सुमारे हजार संच विकले. १९६४ मध्ये त्यांनी अभियंत्यांच्या परिषदेत मांडलेली व्होल्टेजने नियंत्रित होणारी मोड्यूले त्या अनुभवावर उभी होती. १९७० मध्ये आलेल्या मिनिमूग या त्यांच्या सिंथेसायझरची अमेरिकेतील किंमत दीड हजार डॉलरच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या दराने अकरा हजार रुपयांहून अधिक होती आणि आयातकर त्याशिवाय. आपल्या देशात १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगच्या यंत्राचा स्टुडिओ उभारून दिला होता, परंतु असे यंत्र संस्थेलाच परवडत असे, एकट्या माणसाच्या आवाक्यात ते नव्हते.

ती उणीव मासिकांनी भरून काढली. ऑस्ट्रेलियात ‘इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनल’ने १९७३ पासून ‘४६००’ हा मोठा सिंथेसायझर क्रमशः छापला. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या जॉन सायमंटन यांनी ‘पाइआ’ या नावाने मोड्यूलांचे संच टपालाने विकले आणि त्यांचे आराखडे मासिकांतून उघड केले. अमेरिकेतल्याच इथाका शहरात बर्नी हचिन्स यांचे ‘इलेक्ट्रोनोट्स’ हे पत्रक तर केवळ याच विषयाला वाहिलेले होते. इंग्लंडमध्ये १९७८ साली टिम ऑर यांनी आखलेला ‘ट्रान्सेन्डंट २०००’ हा सिंथेसायझर संचाच्या रूपाने मिळत असे. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या वाद्यवृंदाच्या बर्नार्ड समनर यांनी तो स्वतः जोडून वाजवला होता. ही सगळी माणसे आपापल्या सर्किटचे प्रत्येक रेझिस्टरपर्यंतचे मूल्य आणि ते तेवढेच का याचे कारण छापून देत होती. आज मी बाजारातून एखादा कीबोर्ड घेतला आणि तो बिघडला तर त्याचे सर्किट मला मिळत नाही, आणि मिळालेच तर एका काळ्या चिपपाशी सगळे प्रश्न थांबतात.

‘एलेक्टर’ची एक पद्धत विशेष सांगण्यासारखी आहे. साध्या कामाच्या ट्रान्झिस्टरला ते क्रमांक देतच नसत. सर्वसाधारण एनपीएन जातीच्या ट्रान्झिस्टरला ‘टन’ आणि पीएनपी जातीच्याला ‘टप’ असे लिहून किमान किती व्होल्टेज, किती प्रवाह आणि किती गेन (प्रवाह वाढवण्याची क्षमता) हवा एवढे सांगत, आणि चालतील अशा क्रमांकांचा तक्ता देत. त्यामुळे ज्या गावात जो माल मिळेल त्यावर काम भागत असे. याच मासिकाची भारतीय आवृत्ती १९८० च्या दशकात मुंबईहून निघत होती आणि माझ्या पिढीतील अनेकांनी पहिला पॉवर सप्लाय तिच्यावरूनच बांधला. रद्दीतून मी सोडवलेल्या एका खंडात, तक्त्याशेजारच्या समासात, कोणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘बीसी १०७ ऐवजी बीसी १४७ लावला, चालतो.’ त्या माणसाने आपला अनुभव पुढच्या वाचकासाठी तिथे ठेवला होता. तो पुढचा वाचक मी निघालो, आणि मध्ये किती वर्षे गेली असतील ते त्या पुसट अक्षरावरून कळत होते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे येतो, कारण जुन्या लेखांचे मोल तिथेच कळते. सर्वांत अवघड भाग ऑसिलेटरचा, आणि त्यातही त्याच्या तोंडाशी असलेल्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरचा. कानाला सप्तक म्हणजे वारंवारता दुप्पट होणे. पट्टीचे व्होल्टेज मात्र सारख्या पायऱ्यांनी वाढते. या दोहोंची सांगड घालायला ट्रान्झिस्टरचा एक निसर्गदत्त गुण उपयोगी पडतो. त्याच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमधील व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे पट्टीकडून आलेला एक व्होल्ट १८ मिलिव्होल्टपर्यंत कमी करून ट्रान्झिस्टरला दिला की सप्तक आपोआप जुळते. अडचण अशी की हे १८ मिलिव्होल्ट तापमानावर अवलंबून असतात. एका अंशाला सुमारे ०.३३ टक्के इतका हा फरक आहे. पुण्यात एप्रिल महिन्यात पहाटे २२ अंश आणि दुपारी ३८ अंश तापमान सहज असते. सोळा अंशांचा फरक म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक, आणि मूळ सुरापासून तीन सप्तके दूर गेल्यावर तो जवळजवळ दोन पट्ट्यांइतका होतो. पहाटे जुळवलेले वाद्य दुपारी वाजवण्याच्या लायकीचे राहत नाही. याशिवाय त्याच ट्रान्झिस्टरचा गळती-प्रवाह दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, तो निराळाच. त्याच्यावर उपाय म्हणून दोन अगदी सारखे ट्रान्झिस्टर समोरासमोर लावतात, म्हणजे एकाची चूक दुसरा काढून टाकतो.

‘फॉर्मंट’मध्ये यासाठी ‘यूए ७२६’ ही आयसी, म्हणजे अनेक भाग एकत्र असलेली चिप, वापरली होती. तिच्यात ट्रान्झिस्टरांची जोडी आणि त्यांना कायम एकाच तापमानावर ठेवणारा हीटर एकाच डबीत असतो. ही आयसी कित्येक वर्षांपूर्वी बंद झाली, आणि परदेशात जुन्या साठ्यातील एखादी मिळाली तर एका नगाची किंमत माझ्या सगळ्या पॉवर सप्लायहून जास्त पडत होती. इथे लेखाने मला तारले. लेखकाने नुसता आयसीचा क्रमांक दिला असता तर काम तिथेच थांबले असते. पण ही जोडी गरम का ठेवायची, किती अंशांचा फरक किती बेसूरपणा आणतो, याचा हिशेब समजला की पर्याय स्वतः शोधता येतो. मी ‘एलएम ३०४६’ ही पाच ट्रान्झिस्टरांची आयसी घेतली. तिच्यातील दोन ट्रान्झिस्टर कन्व्हर्टरसाठी, तिसरा तापमान ओळखण्यासाठी आणि चौथा केवळ तापण्यासाठी वापरला. तिसऱ्याचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरते, त्याच्यावरून एक ऑप-अॅम्प (व्होल्टेजमधला फरक वाढवून देणारी आयसी) चौथ्यातला प्रवाह कमी-जास्त करतो. ही युक्ती जुनीच आहे, माझी नव्हे. माझा वाटा इतकाच की मी तापमान ६० अंशांवर ठरवले, कारण पुण्यातल्या उन्हाळ्यात बंद पेटीच्या आत ४५ अंश सहज होतात आणि चिप नेहमी भोवतालच्या हवेपेक्षा बरीच गरम असली तरच हीटरला ताबा ठेवता येतो. कारखान्यात भट्टीसाठी जे केले ते नखाएवढ्या चिपसाठी केले. वाद्य चालू केल्यावर सुमारे दहा मिनिटांत सूर स्थिरावतो, आणि नंतर दिवसभर तानपुऱ्याशी जुळलेला राहतो.

दुसरी लढाई पावसाळ्यातली होती. पट्टी सोडल्यावरही सूर हळूहळू विरत जावा यासाठी पट्टीचे शेवटचे व्होल्टेज एका कंडेन्सरमध्ये साठवून ठेवतात. जूनमध्ये मला दिसले की पट्टी सोडली की सूर विरता विरता खाली घसरतो. आधी मी आयसीला दोष दिला आणि दोन आयसी बदलल्या. खरे कारण पीसीबीवर, म्हणजे सुटे भाग बसवतात त्या तांब्याच्या रेषांच्या पाटीवर, होते. सोल्डरचा फ्लक्स (राळेसारखा पदार्थ) नीट न पुसल्यामुळे दमट हवेत आयसीच्या दोन पायांमध्ये गळती होत होती. हिशेब असा की ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर तीन व्होल्ट असताना एक हजार मेगओहमची गळती जरी असली तरी व्होल्टेज सेकंदाला ३० मिलिव्होल्टने उतरते, म्हणजे एका पट्टीच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. एक हजार मेगओहम आमचा साधा मल्टीमीटर दाखवतच नाही, त्याच्या दृष्टीने ते पूर्ण उघडे सर्किट असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पीसीबी धुऊन, वाळवून, त्यावर लॅकर मारला आणि कंडेन्सरला जोडलेल्या पायाभोवती त्याच व्होल्टेजचे तांब्याचे कडे ठेवून नवी पीसीबी केली, तेव्हा घसरण थांबली. असे कडे ठेवावे ही सूचना मला एका जुन्या मापन-उपकरणाच्या लेखात सापडली, सिंथेसायझरच्या नव्हे. बांधीव खंड चाळण्याचा फायदा हाच की शोधत नसलेली गोष्ट शेजारच्या पानावर भेटते.

सुट्या भागांसाठी मी आधी पुण्यातील तपकीर गल्ली आणि मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घातला. रेझिस्टर, कंडेन्सर, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर यांची अडचण आली नाही. फिल्टर आणि अॅम्प्लिफायरसाठी लागणारी ‘सीए ३०८०’ ही आयसी आता निघत नाही. एका विक्रेत्याकडून आणलेल्या सहापैकी चार आयसींवर जुना छाप घासून नवा क्रमांक मारलेला होता आणि आत निराळीच वस्तू होती. शेवटी मी आजही तयार होत असलेल्या ‘एलएम १३७००’कडे वळलो, तिच्यात तशाच दोन अॅम्प्लिफायरांची जोडी असते, फक्त पायांची मांडणी वेगळी. पीसीबीचा आराखडा त्यासाठी मला पुन्हा काढावा लागला. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या लावण्यासाठी बीसी ५४७ चे दोनशे नग घेतले, सारख्या प्रवाहावर एकेकाचे बेस-एमिटर व्होल्टेज मोजले आणि एका मिलिव्होल्टच्या आत जुळणारे वेगळे काढले. मोजताना ट्रान्झिस्टरला बोटांनी धरायचे नसते, बोटांच्या उबेनेच आकडा हलतो. पंखा बंद करून, प्रत्येक नग लावल्यावर दोन मिनिटे थांबून हे काम मी चार रात्री केले. फेरिक क्लोराइडमध्ये पीसीबी काढणे, अॅल्युमिनियमच्या पट्टीला भोके पाडणे, वायरिंग आणि ड्राय सोल्डर शोधत बसणे यांबद्दल लिहीत नाही, ज्यांनी ते केले आहे त्यांना सांगायला नको.

कीबोर्डबद्दल मात्र लिहायला हवे, कारण तिथे हे परदेशी यंत्र माझ्या कानाशी येऊन मिळाले. मोडीत निघालेल्या एका ऑर्गनच्या ३७ पट्ट्या मी घेतल्या आणि त्यांच्या खाली १०० ओहमच्या ३६ रेझिस्टरांची साखळी लावली. तिच्यातून कायम सारखा प्रवाह वाहतो, म्हणून प्रत्येक पट्टीपाशी ८३.३ मिलिव्होल्टची पायरी मिळते. सगळे रेझिस्टर सारखे असल्यामुळे सगळ्या पायऱ्या सारख्या, म्हणजे पेटीचा आजचा समस्वरी गुणधर्म त्यात जसाच्या तसा उतरतो. तानपुऱ्याच्या नादातून जो गांधार ऐकू येतो तो या पट्टीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग. आणि माझ्या साखळीत एका पट्टीला शंभर ओहम असल्यामुळे एक ओहम म्हणजे बरोबर एक सेंट होतो. गांधाराच्या खालचा रेझिस्टर १४ ओहमने कमी केला आणि वरचा तेवढाच वाढवला की बाकी एकाही स्वराला धक्का न लागता गांधार आपल्या जागी जातो. पांढरी एकला षड्ज धरून मी मधल्या सप्तकापुरते हे केले. शेजारी पेटी शिकवणारे एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना बोलावून, तानपुरा लावून, आधी मूळ आणि मग बदललेला गांधार मी लांब धरून ऐकवला. दुसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत, मान खाली घालून ऐकत राहिले आणि नंतर म्हणाले, “आता पुन्हा पहिला लावू नका.”

हे मी भूषण म्हणून सांगत नाही. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, तिच्यामागे पट्ट्यांमध्ये अडकलेल्या स्वरांचा हाच आक्षेप होता, आणि त्यावर आपल्याकडे कितीतरी शाई खर्च झाली आहे. त्या वादातला एक प्रश्न दोन रेझिस्टर बदलून, कानाने तपासून पाहता येतो, ही संधी किती मोठी आहे ती संगीत शिकणाऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या अशा दोन्ही विद्यार्थ्यांनी एकत्र बसून पाहावी असे मला फार वाटते. बेंगळुरूचे अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली आणि आज गायकांच्या घरोघरी तिचे वारस आहेत. संगीत आणि सर्किट ही दोन्ही अंगे एकाच माणसाला कळत असली की काय घडते याचे ते आपल्या देशातील उदाहरण आहे.

आता मूळ मुद्दा. हे सगळे अंक आता संगणकावर मिळतात, मग कागद कशाला सांभाळायचा, असे मला एका ग्रंथपालांनी विचारले. परदेशातील उत्साही मंडळींनी पुष्कळ अंक स्कॅन केले आहेत आणि त्यांचा मी ऋणी आहे, माझ्याजवळ नसलेले काही भाग मी तिथूनच वाचले. परंतु त्या स्कॅनने माझी एक पीसीबी वाया गेली. पीसीबीचा नकाशा मासिकात अनेकदा मूळ आकारात छापलेला असे, म्हणजे त्याची प्रत काढून थेट तांब्यावर उतरवता येई. स्कॅन केलेले पान छापताना आकार तीन टक्क्यांनी जरी बदलला तरी चाळीस पायांच्या कनेक्टरमध्ये, जिथे दोन पायांमधले अंतर २.५४ मिलिमीटर असते, शेवटचे भोक तीन मिलिमीटरने चुकते. बारीक रेषा एकमेकींना चिकटतात, घडीत गेलेला मजकूर दिसत नाही. आणि समासातील पेन्सिलीची टीप त्या स्कॅनमध्ये नसते, ती आपल्या ग्रंथालयाच्या प्रतीतच असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या मासिकांचा सुटा अंक अपुरा असतो. छापलेल्या सर्किटमध्ये चूक राहिली तर ती पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या अंकात दुरुस्त होत असे. ‘एलेक्टर’मध्ये तर अशा दुरुस्त्यांचे नेहमीचे सदरच होते. दुसऱ्या एका मासिकातल्या पॉवर सप्लायच्या सर्किटमध्ये एका डायोडची दिशा उलटी छापली होती. माझ्याकडे तेवढा एकच अंक होता, मी छापल्याप्रमाणे बांधले आणि ट्रान्सफॉर्मर जाळला. तीन महिन्यांनंतरच्या अंकात त्या चुकीची चार ओळींची दुरुस्ती होती, ती मला नंतर सापडली. ग्रंथालयाने “काही निवडक अंक ठेवले आहेत” असे सांगितले की मला म्हणूनच समाधान वाटत नाही. वर्षाचा पूर्ण खंड राहिला तर तो उपयोगी, निम्मा राहिला तर तो एखाद्या नवख्याचे नुकसान करण्याचीच शक्यता अधिक.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे राज्यातील तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना माझी विनंती आहे की तांत्रिक मासिकांचे खंड काढून टाकण्याचा निर्णय झाला तर तो रद्दीवाल्याला कळवण्याआधी किमान एक महिना सूचनाफलकावर आणि शक्य असल्यास वृत्तपत्रात जाहीर करावा. ज्यांना हवे आहेत ते स्वतःच्या खर्चाने घेऊन जातील. राज्यातील एखाद्या विद्यापीठाने एका खोलीत या मासिकांचे पूर्ण खंड एकत्र करण्याची जबाबदारी घेतली तर सर्वांनाच सोयीचे होईल. या पानांचा उपयोग फक्त माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या हौशीला नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी आज तयार मोड्यूल विकत आणून जोडतात, त्यांपैकी एका गटाने वर्षभरात एक ऑसिलेटर आणि एक फिल्टर जुन्या लेखावरून बांधून, तापवून, मोजून, सुरात आणून दाखवला तर ट्रान्झिस्टर, ऑप-अॅम्प, तापमान-नियंत्रण आणि गळती हे चारही विषय त्यांच्या हातांखालून जातील. खर्च फार नाही, माझ्या एका ऑसिलेटरचे सगळे सुटे भाग दीड हजार रुपयांच्या आत आले.

मी वाचवू शकलेले अकरा खंड, माझ्या बदलांसह पुन्हा काढलेली सर्किटे, पीसीबीचे नकाशे आणि जुळवणीच्या वेळचे आकडे लिहिलेल्या तीन वह्या, असे सगळे मी कोणत्याही शासकीय तंत्रनिकेतनाला विनामूल्य देण्यास तयार आहे. अट एवढीच की ते कपाटात कुलपाखाली न ठेवता वाचनकक्षात ठेवावे, आणि समासात पेन्सिलीने लिहिण्याची विद्यार्थ्यांना मोकळीक असावी. वाद्य माझ्या घरी चालू स्थितीत आहे, शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन आले तर ते उघडून दाखवीन. उन्हाळ्यातली दुपार निवडावी, म्हणजे हीटरचे काम प्रत्यक्ष पाहता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ, पुणे